आधी वाचून दाखवा

मोबाईलवर नवं काहीही सुरू करायचं म्हटलं की शेवटी एक छोटा चौकोन येतो. ‘मी वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.’ आपण त्यावर बोट टेकवतो आणि पुढे जातो. हे खोटं आपण सगळेच बोलतो. मी वकील असल्यामुळे जरा जास्त सराईतपणे बोलतो. पण हल्ली बोट टेकवण्याआधी हात अडतो आणि कानाशी एक घोगरा, करारी आवाज येतो, “वाचलंस का, लातूरकर? मग मोठ्यानं वाच की.”

तो आवाज इंदूताईंचा, म्हणजे ॲडव्होकेट इंदुमती सांडभोर यांचा. मी लातूरहून इकडे वकिली करायला आलो तेव्हा त्यांनी मला आपल्या ऑफिसात टेबल टाकू दिलं, आणि माझ्या नावाची कधी चौकशीही न करता मला कायमचं ‘लातूरकर’ करून टाकलं. आमचं ऑफिस आकुर्डी स्टेशनाजवळ, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. खोली एक, टेबलं दोन आणि पंखा एकच, तोही त्यांच्या बाजूला.

ताई मूळच्या राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका गावातल्या. ज्या वावरात त्यांनी लहानपणी बटाटे काढले त्या वावरात आता गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी उभी आहे, आणि त्याच कंपनीच्या गेटवर उभं राहून त्या कामगारांची गाऱ्हाणी ऐकत. मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही का? म्हणाल्या, “वाईट कशाला? तवाबी हितंच राबत व्हते, आताबी हितंच राबते.”

साडी सुती, वर काळा कोट आणि पायात कारखान्यातले सेफ्टी शूज. पुढे लोखंडी टोपी असलेले, चांगले दणदणीत. कुणा अशिलानं फीबरोबर दिलेले आणि त्यांना आवडून गेलेले. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या येताहेत हे आधी कळायचं आणि मग दिसायचं. एकदा एका न्यायाधीशांनी हसत त्या बुटांबद्दल विचारलं, तर त्या अदबीनं म्हणाल्या, की साहेबांनी एकदा कोर्टाच्या रस्त्यानं चालत येऊन बघावं. साहेबांनी विषय बदलला.

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. आमच्या धंद्यात प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ओळ असते: ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व तो बरोबर आहे.’ वकील ती ओळ टाइप करतो, अशील तिच्याखाली सही करतो, आणि वाचून कुणीही दाखवत नाही. इंदूताई दाखवत. सगळा मजकूर, पहिल्या ओळीपासून, मोठ्या आवाजात. अशिलाला टेबलापलीकडे न बसवता आपल्या शेजारी बसवत आणि सांगत, “जिथं तुझं न्हाई असं वाटंल तिथं हात वर करायचा. लाजायचं न्हाई. तुझं गाऱ्हाणं तुला ऐकू आलं पायजे.”

लोक आधी ओशाळत. मग कुणीतरी भीत भीत हात वर करी. ताई थांबत, पेनानं ती ओळ खोडत, तो माणूस सांगेल तशी लिहीत, खालच्या दुकानातून नव्यानं टाइप करून आणवत आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करत. माझी दोन-तीन अशिलं तेवढ्यात येऊन जात. कंटाळून कुणी म्हणालं, “द्या ताई, करतो सही,” की त्या कागद चक्क मागे ओढून घेत. शिफ्ट चुकेल म्हणून चडफडत निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातली काही कायमची दुसऱ्या वकिलाकडे गेली. ताईंनी एकालाही परत बोलावलं नाही.

या खोडीबद्दल कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये नाना कथा होत्या. कुणी म्हणे वडिलांना फसवून अंगठा घेतला होता, कुणी म्हणे नवस आहे. खरी गोष्ट त्यांनीच मला डबा खाता खाता सांगितली. वकिलीच्या सुरुवातीला त्यांनी एका कामगाराचं प्रतिज्ञापत्र मोठ्या झोकात लिहिलं होतं. ‘अमानुष’, ‘पाशवी’, ‘सूडबुद्धीने’, सगळा मसाला घातलेला. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं विचारलं, हे सगळं तुम्ही सांगितलंत का? तो गरीब माणूस खरं बोलला. म्हणाला, “न्हाई साहेब, ते बाईंनी लिवलंय.” केस तिथेच संपली. त्याची नोकरी गेली ती गेलीच.

“त्याचं खरं व्हतं, लातूरकर,” ताई म्हणाल्या. “मी त्याच्या तोंडी माझी भाषा घातली.” एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

मग आमच्या धंद्यात कंपन्या शिरल्या. आधी गेले भाडेकरार. या भागात रोज कुणीतरी नोकरीला येतं आणि खोली भाड्यानं घेतं, त्यावर आमच्यासारख्यांची चूल पेटायची. आता कंपनीचा माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन थेट घरी जातो, सोफ्यावर बसल्या बसल्या करार नोंदवून देतो. मी हळहळलो. ताई म्हणाल्या, लोकांची सोय झाली, आपण रडायचं कारण नाही. मग निवाडे शोधून देणारं ॲप आलं. ते मी घेतलं आणि ताईंनी ते बिनदिक्कत माझ्याकडून वापरून घेतलं. “हुडकू दे त्याला. बोलायला मी हाय.” त्यांना यंत्राचा तिटकारा होता असं आता सांगत फिरणाऱ्यांना मी मुद्दाम सांगतो, की हे साफ खोटं आहे. यंत्राआड लपणाऱ्या माणसांचा तिटकारा होता, आणि तो मरेपर्यंत होता.

त्यानंतर बाररूममध्ये एक तरुण आला. स्वतः वकील, पण कुठल्याशा तंत्रज्ञान कंपनीत नोकरीला. नाव रोहन. बोलायला गोड, कपडे कडक इस्त्रीचे. माहिती भरली की मिनिटभरात संपूर्ण अर्ज तयार करून देणारं ॲप तो दाखवणार होता. सगळे खुर्च्या ओढून बसले. त्या दिवशी ताईंबरोबर मालनबाई म्हणून एक अशील आल्या होत्या, नवऱ्याकडून पोटगी मागणाऱ्या. ताईंनी त्यांना विचारलं, चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल की, मिनिटभरात होणार असेल तर बरंच. रोहननं नाव, गाव, लग्नाचं साल भरलं आणि खरोखरच मिनिटभरात अर्ज पडद्यावर आला. शुद्ध भाषा, व्यवस्थित परिच्छेद. दोघा-चौघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ताईंनी त्याचा मोबाईल हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. ‘सासरच्या मंडळींनी अर्जदारास वेळोवेळी मारहाण करून माहेरून पैसे आणण्याचा तगादा लावला...’

मालनबाईंचा हात वर गेला. “मला कुणी मारलं न्हाई, ताई. सासू तर लई जीव लावायची. ह्योच दुसरीकडं राहायला गेलाय.”

रोहन गडबडला. म्हणाला, अशा अर्जांमध्ये बहुतेक वेळा हे असतंच, म्हणून प्रणाली आपणहून घालते. हवं तर खोडता येतं. आम्हाला वाटलं आता ताई त्याला फैलावर घेणार. त्या वळल्या आमच्याकडे. “ह्या पोराला काय बोलायचं? हे आपल्याकडनंच शिकलंय. वर्षानुवर्षं आपण ज्या बाया कुणी मारल्या न्हाईत त्या कागदावर मारून ठिवल्या. ह्यो आता मिनिटात मारतो, एवढंच.” सगळे आपापल्या खुर्च्या पुन्हा जागेवर नेऊन ठेवू लागले. मी सगळ्यांत आधी.

यानंतर बालाजी आला. तो माझ्याच मुलखातला, नांदेडकडचा. चाकणला पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेसच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. यंत्रात त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. अंगठा तेवढा शिल्लक. त्याच्याबरोबर त्याचा खोलीसोबती गोविंद आला होता. बालाजी दिवसपाळीला आणि गोविंद रातपाळीला, त्यामुळे खोलीत दोघांत कॉट एक, चादर एक आणि बराचसा संसारही एकच.

नुकसानभरपाईचा दावा करायचा होता. पण कंपनीकडून उत्तर आलं की दावा शिल्लकच नाही. तडजोड झालेली आहे. हल्ली कारखान्यांनी असे तंटे मिटवण्याचं काम एका तंत्रज्ञान कंपनीला देऊन टाकलं होतं. कामगाराच्या मोबाईलवर करार जातो, तो ओटीपी सांगून मान्य करतो, किरकोळ रक्कम खात्यात पडते आणि प्रकरण बंद. बालाजीनं म्हणे करार मान्य केला होता. आता तो करार फक्त कामगार न्यायालयात नोंदवायचा बाकी होता. एकदा नोंदला की बालाजीला पुढे कुठेही दाद मागता येणार नव्हती.

“मी काईच मान्य केलं न्हाई,” बालाजी पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्या खात्यात पैसे पडलेले दिसत होते, ते त्याला ठेकेदाराचा पगार वाटले होते. मला वाटलं, गडी घाबरून खोटं बोलतोय. मी ताईंना म्हणालो, की रक्कम फारच कमी आहे, एवढ्या एका मुद्द्यावरही आपण हा करार अडवू शकतो. ताईंनी ऐकून घेतलं. मग दोघांना शेजारी बसवलं, कंपनीनं पाठवलेल्या कराराचा मराठी तर्जुमा काढला आणि वाचायला सुरुवात केली.

तो तर्जुमा यंत्रानं केलेला. वाक्यं मराठी, पण मराठी माणसाला न कळणारी. ताई एकेक ओळ वाचत, थांबत, पुन्हा वाचत. बालाजी नुसता बघत राहिला. शेवटची ओळ आली: ‘लाभार्थ्याने आपल्या मोबाईलवर प्राप्त झालेला ओटीपी दूरध्वनीवरून कळवून सदर करार स्वीकारला आहे.’

हात वर गेला तो गोविंदचा.

त्याचा चेहरा उतरला होता. बालाजी दवाखान्यात होता तेव्हा त्याचा मोबाईल खोलीवर राहिला होता. त्यांच्या खोलीचा गॅस बालाजीच्या नंबरवर. सिलिंडर आलं की ओटीपी सांगावा लागतो. गोविंद रातपाळी करून झोपला होता, फोन वाजला, कुणी बाई गोड आवाजात म्हणाली, एक ओटीपी आला असेल, सांगता का? “मला वाटलं शिलिंडर आलंय, ताई,” गोविंद म्हणाला. “म्या सांगितला आन् परत झोपलो. शिलिंडर काई आलं न्हाई, तवा वाटलं उद्या यील.”

बालाजी त्याच्याकडे वळला. मला वाटलं आता इथे मारामारी होते. पण बालाजीनं आपला डावा हात गोविंदच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, “मीबी तेच केलं असतं.” ताई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नंतर खालून चहा मागवला, आणि तो पिईपर्यंत कुणालाही बोलू दिलं नाही.

सुनावणीला कंपनीचे वकील आलेच नाहीत. ते पडद्यावर होते, कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या थंडगार खोलीत. त्यांनी सांगितलं की त्यांच्या प्रणालीत सगळ्याची नोंद आहे. ओटीपी कधी गेला, कधी कळवला, कुठल्या नंबरवरून कळवला. चूक होणं शक्य नाही. ताई उठल्या. कोर्टात त्यांची भाषा बदलायची, आवाज तोच राहायचा. “साहेब, यंत्राने वेळ नोंदवली आहे. फोनवर ऐकणारा माणूस कोण, ते नोंदवलेले नाही.” मग त्यांनी गोविंदला उभं केलं. सिलिंडरची हकिगत त्यानं मान खाली घालून सांगितली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. ताईंनी नुसतं वळून पाहिलं, हसू तिथेच थांबलं.

पडद्यावरचे वकील म्हणाले, की दुसऱ्याच्या हाती फोन देणं हा कामगाराचा निष्काळजीपणा आहे, आणि करार तर त्याच्या फायद्याचाच आहे. ताई म्हणाल्या, असेल. मग विद्वान वकिलांनी तो फायदा आत्ता इथे अर्जदाराला वाचून दाखवावा. आमची दुसरी काही विनंती नाही.

न्यायाधीशांनी जरा विचार केला आणि पडद्याकडे पाहून म्हणाले, “वाचा.”

ते वाचू लागले. मराठी त्यांची मातृभाषा असावी, कारण दोन-तीन वाक्यांनंतर त्यांचं त्यांनाच कसंतरी व्हायला लागलं. आवाज बारीक होत गेला. ‘लाभार्थी’, ‘सदर घटना’, ‘संपूर्ण समाधान’, ‘सर्व दायित्वांतून मुक्तता’. बालाजी ताईंच्या शेजारी उभा होता. संपलं तेव्हा न्यायाधीशांनी त्याला विचारलं, यातलं काय समजलं?

बालाजीनं बँडेज बांधलेला हात वर केला. ताईंनी शिकवलं होतं तसाच. म्हणाला, “साहेब, ह्यात माझ्या हाताचं कुठंच न्हाई.”

खरंच नव्हतं. एवढ्या लांबलचक करारात ‘हात’ हा शब्द नव्हता, ‘बोट’ हा शब्द नव्हता. मी तो करार चार वेळा तरी वाचला असेन, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. न्यायाधीशांनी करार नोंदवायला नकार दिला आणि दावा रीतसर चालवायचा हुकूम केला. पुढे तो चालला आणि बालाजीला त्याच्या हाताची भरपाई मिळाली. त्या दिवशी मात्र कोर्टाबाहेर पडताना ताईंनी एवढंच म्हटलं, “आता निदान हात लिवतील.”

मग रोहन पुन्हा आला, या वेळी आमच्या ऑफिसात. तंटे मिटवणारी कंपनी त्याच्याच कंपनीची बहीण निघाली. ताईंसारखी माणसं आम्हाला हवीत म्हणाला. वरिष्ठ सल्लागार म्हणून नाव, घरी बसून काम. ॲप विचारेल त्या प्रश्नांना ताईंनी उत्तरं द्यायची. मानधनाचा आकडा पाहून माझ्या टेबलावर बसल्या बसल्या माझे डोळे विस्फारले. ताई म्हणाल्या, ठीक आहे, तुमचा करार आधी मला वाचून दाखवा. तो हसत हसत वाचू लागला. सल्लागारास अशिलाशी प्रत्यक्ष संपर्क साधता येणार नाही, अशिलाचे नाव कळवले जाणार नाही, या ओळींवर ताईंचा हात वर गेला.

“नाव न्हाई, तोंड न्हाई, मग मी सल्ला देऊ कुणाला?”

रोहन म्हणाला, हे धोरण वरून ठरतं, पण काम तर लोकांपर्यंत पोचतं ना, ताई. आणि उद्या सगळी वकिली अशीच चालणार आहे. कुणी थांबवू शकणार नाही. ताई शांतपणे म्हणाल्या, “चालू द्या की. मी तिथं हात वर करून हुबी राहीन. माझ्यावरनं चालवा.” त्याला चहा पाजला, जिन्यापर्यंत सोडायला गेल्या आणि जपून उतर म्हणून सांगितलं. पोराबद्दल त्यांच्या मनात काही नव्हतं.

त्यांच्या पोटात गाठ निघाली तेव्हा त्यांनी कुणाला कळवलं नाही. कोर्टाच्या पुढच्या तारखा लावून घेतल्या, प्रकरणं माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, चल जरा दवाखान्यात. चिंचवडचा मोठा दवाखाना. ऑपरेशनच्या सकाळी त्यांना बायका-पुरुषांच्या सामाईक वॉर्डात ठेवलं होतं, मी कॉटशेजारी होतो. सिस्टर टॅब घेऊन आली. पडद्यावर दाखवून म्हणाली, आजी, इथे बोटानं सही करा.

“आधी वाचून दाखवा,” ताई म्हणाल्या.

“आजी, सगळ्यांचं तेच असतं हो.”

“मग पाठ असंल. म्हणा.”

मी सिस्टरची समजूत काढायला गेलो, ताईंनी मला नजरेनं बसवलं. सिस्टर बिचारी वाचू लागली. वॉर्डातली बाकीची माणसं उशीवरून माना उचलून ऐकू लागली. ‘डॉक्टरांनी मला शस्त्रक्रियेतील सर्व धोके समजावून सांगितले आहेत...’ सलाइन लावलेला हात हळूहळू वर गेला.

“हे घडलेलं न्हाई. डॉक्टर माझ्याशी अजून बोललेच न्हाईत.”

सिस्टर घुटमळली, गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर घाईत होते, कपाळावर आठी होती. ताईंनी त्यांना स्टुलावर बसायला सांगितलं. ते बसले, आणि का कोण जाणे, बसल्यावर त्यांचा सूरच बदलला. गाठ कुठे आहे, काय काढणार, काय होऊ शकतं, सगळं साध्या मराठीत सांगितलं. धोका लहान नाही हेही सांगितलं. ताई एखाद्या अशिलाचं ऐकावं तसं मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आता बरोबर हाय,” आणि काचेवर बोटानं सही केली. ती वेडीवाकडी उमटली म्हणून नाराजही झाल्या.

त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. कॉटखालचे सेफ्टी शूज त्यांनी मला उचलायला सांगितले. “ऑफिसात ठिव. कोर्टाचा रस्ता अजून झालेला न्हाई.” मी ते दोन्ही हातांत घेऊन उभा राहिलो. जड होते. सिस्टर टॅब घेऊन पलीकडच्या कॉटकडे वळली. तिथे मघापासून पडदा ओढून एक म्हातारे गृहस्थ पडून होते. त्यांना ती म्हणाली, बाबा, इथे बोटानं सही करा.

पडद्यामागून थकलेला, पण स्पष्ट आवाज आला. “आधी वाचून दाखव, पोरी.”

स्ट्रेचर दारापर्यंत गेलं होतं. ताईंनी मान वळवली आणि ढकलणाऱ्या माणसाला म्हणाल्या, “थांब जरा. ऐकू दे मला.”